पत्र्याच्या कडेची पट्टी

अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, ठरलेली रक्कम साडेसहा हजार आणि गच्चीवर आम्ही तिघं: मी, माझे दीर आणि पत्रेवाला. आज शेजारी ग्राइंडरने पत्रा कापताहेत, आणि तापलेल्या लोखंडाच्या वासाने ती बारा वर्षांपूर्वीची दुपार जशीच्या तशी समोर आली.

नवरा गेल्यावर मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत शिलाईची दोन मशीनं टाकली होती. घर त्यावरच चालायचं. पाणी आत येऊ नये म्हणून छताच्या कडेला पत्र्याची पट्टी बसवायची होती. शिडी पश्चिमेला होती, म्हणून पत्रेवाल्याने तिकडूनच सुरुवात केली. पुढचा तुकडा आधीच्यावर चढत गेला आणि सगळे सांधे वाऱ्याकडे तोंड करून राहिले.

"दादा, हे काढा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो. वारा सांध्यात शिरेल."

तो दिरांकडे बघून हसला. "साहेब, ताईंना सांगा, मी रोज हेच करतो."

"वहिनी, करू द्या ना त्याला," दीर म्हणाले.

"भाऊजी, पाणी तुमच्या मशीनवर पडणार नाहीये."

चपलेतून चटके बसत होते. त्याने स्क्रू काढून पूर्वेकडून पुन्हा पट्ट्या लावेपर्यंत मी हलले नाही. तेव्हा वाटलं, आपला आवाज फार चढला. आज वाटतं, कमीच चढला.

शेवटी मी पत्रेवाल्याला सात हजार दिले. उरलेले पाचशे त्याने दिरांपुढे धरले.

"इकडे," मी म्हटलं आणि हात पुढे केला.