गाव कुठलं?

मासळीबाजारात मासे कापून देणाऱ्या बंगाली माणसाला माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "गाव कुठलं रे?" त्याची सुरी तिथेच थांबली.

आपण हे सगळ्यांनाच विचारतो. मग कुठली तरी ओळख निघते, चहा येतो. त्याच्यासाठी चहा येणार नव्हता. त्याने आधी त्या गृहस्थांचे बूट पाहिले, पोलिसाचे आहेत का म्हणून, आणि मग हळूच म्हणाला, "कोलकाता."

"खरं सांग! कोलकाता की बांगलादेश?" गृहस्थ हसले. मला त्या हसण्याचाच संशय आला. घरदार सोडून आलेल्या माणसाला निदान निर्धास्त उभं तरी राहू द्यावं!

माझी पाळी आली. तुकडे जाड कर, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं.

"इथलाच आहे मी, साहेब," तो घाईने म्हणाला.