वर्तुळातले दोन सात

महिना होईल आता. सकाळी ताईचा फोन आला, "हे गेले रे..." एवढंच बोलली. भाऊजी नव्वदीला टेकले होते. फोन ठेवला आणि, खरं सांगतो, हसू आलं. भाऊजी आठवले की आधी तो रंगाचा डबाच आठवतो.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या फॅक्टरीत आम्ही एकाच सेक्शनला. भाऊजी तोफगोळ्यांच्या पेट्यांवर नंबर टाकायचे. शहराबाहेरच्या माळावर मातीच्या बुटक्या उंचवट्याभोवती काळ्या दगडी गोट्यांचं मोठं रिंगण होतं. लोक म्हणत, गुराख्यांनी मांडलं असेल. भाऊजी मूळचे नागपूरकडचे, अशी रिंगणं पाहतच वाढलेले. हजारो वर्षांमागच्या लोकांनी आपली माणसं इथे पुरली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नेमका गोदामाच्या रस्त्यासाठी एक ठेकेदार तेच गोटे फोडायला निघाला. भाऊजींनी अर्जांवर अर्ज केले. पण लढाईच्या धामधुमीत गोट्यांची दाद कोण घेणार?

"जाऊ द्या न भाऊजी, काहून जीव जाळून राहिले?" मी म्हटलं.

"अरे, नंबर पडलेल्या वस्तूले फॅक्टरीत कोणी हात लावते का?"

रविवारी भाऊजींनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने पांढरा रंग आणला आणि एकेका गोट्यावर पेटीवर टाकावा तसा ठसठशीत नंबर टाकला. सोमवारी ठेकेदाराचा मुनशी आला आणि जागीच थबकला. "अरे बाप रे, ये तो सरकारी माल है! कोई हाथ मत लगाना!" गाड्या रिकाम्या परतल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पोटभर जिलेबी खाल्ली... लढाई आम्हीच जिंकली होती!

पुढे काही वर्षांनी पुरातत्त्वाचे साहेब नकाशा काढायला आले आणि चक्रावले. शेवटचा नंबर बावीस, गोटे तेवीस! घाईत भाऊजींनी सात दोनदा टाकला होता. "चूक माझी आहे साहेब, गोटे बरोबर आहेत," भाऊजी ऐटीत म्हणाले. नकाशात सात आणि सात-अ अशी नोंद झाली. कुंपण आलं, फलक लागला. आज शाळांच्या सहली येतात तिथे.

तेरावा झाल्यावर ताईला घेऊन माळावर गेलो. रंग जवळजवळ उडालाय; एका साताचा बाक तेवढा पुसट दिसतो. ताई त्याच्याजवळ टेकली, पदराने धूळ पुसली.

"हाच काय रे दुसरा सात?"

"हो."

"मंग हा यांचा," ती म्हणाली. "बाकीचे सरकारचे."