क्लचवरचा ठोकळा

माझ्या मामांना टायरच्या दुकानात ‘कमोड’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. “या कमोड, टेका,” म्हणून कुणीतरी जुना टायर पायानं पुढे सरकवतो, मामा एक शिवी हासडतात आणि त्याच टायरवर बसतात. सव्वीस वर्षं हेच चाललंय. ड्रायव्हर लोकांची खुन्नस त्यांच्या जुन्या गाड्यांसारखीच असते. धूर काढते, खडखडते, पण मध्येच बंद पडत नाही.

दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्रेसर, पंक्चर बघायची पाण्याची टाकी आणि बाहेर ओळीनं मांडलेले टक्कल पडलेले टायर. त्यांवर रोज सकाळी तीन निवृत्त ट्रक ड्रायव्हर बसतात. एक मामा, सहा फूट दोन इंच, उजवा गुडघा कामातून गेलेला. दुसरा पाऊण. हे नाव उंचीवरून पडलं, स्वभावावरून पडलं असतं तर पावच म्हटलं असतं. तिसरा स्टेपनी. याची कधी कुणाला गरज लागत नाही, पण असलेला बरा. दुकानदाराला बोलायला वेळ नसतो, म्हणून त्याला सगळे न्यायाधीश मानतात.

“आताची पोरं एका बोटानं स्टेअरिंग फिरवतात,” स्टेपनी सुरुवात करतो. “आपल्या नाकाड्या गाडीला वळणावर छाती लावावी लागायची.”

“तुझ्या छातीनं गाडी वळायची होय? क्लीनर खाली उतरून पुढची चाकं ढकलायचा,” पाऊण म्हणतो.

“आणि डबल क्लच?” मामा म्हणतात. “दाब, न्यूट्रल कर, सोड, परत दाब, मग गिअर. लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला पाहिजे.”

“तुझा गिअर पडला की पुढच्या गावातली कुत्री भुंकायची. आणि शेवटी तू गाडीच पाडलीस. तो आवाज तर अख्ख्या तालुक्यानं ऐकला. खळ्ळ!”

मग तिघांतले दोघं हसतात. कोणते दोघं, हे सांगायला नको.

मामा आणि पाऊण अकरा वर्षं एकाच गाडीवर होते. लांब नाकाची, लाकडी केबिनची, हँडल मारून सुरू करायची गाडी. इंजिनाची धग थेट मांडीला लागायची, पावसात वायपर हातानं फिरवायचा. चार तास एकानं चालवायची, चार तास दुसऱ्यानं. दोघांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मालकाला हे माहीत होतं आणि चालत होतं. तो म्हणायचा, “भांडणाऱ्यांना झोप लागत नाही.”

एका सकाळी, लख्ख उन्हात, उताराच्या वळणावर ती गाडी उलटली. आत दोनशे चाळीस कमोड होते, पेंढ्यात नीट गुंडाळलेले. त्यांतला एकही वाचला नाही. पाऊण फुटक्या काचेतून खरचटून बाहेर आला. मामा गुडघ्याचा चुरा आणि डोक्याला मार घेऊन तीन दिवस बेशुद्ध होते. तेवढ्या तीन दिवसांत पाऊणचा जबाब लिहून झाला. गाडी कोण चालवत होतं? खांब चालवत होता. तेव्हा मामांना खांब म्हणायचे. ते नाव त्या दिवशी गेलं, नोकरीही गेली. मालकानं विम्याचे पैसे घेतले आणि गाडीकडे पाठ फिरवली. पाऊणला दुसरी गाडी मिळाली. मामांनी पुढची वर्षं गावातला कचरा वाहिला.

“मी चालवत नव्हतो,” मामा सगळ्यांना ठासून सांगत आले. खरी गोष्ट अशी, की त्यांना माहीतच नव्हतं. वाटेत चहाला थांबलो, कप गरम होता, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. चहानंतर पाळी कुणाची होती? हिशेबानं मामांची. पण पाऊण हट्टाला पेटला की दुसऱ्याची पाळीही सोडायचा नाही. म्हणजे कुणीही असू शकत होतं.

हे मला उशिरा कळलं, तेही पोलीस ठाण्यामुळे. अपघातातली गाडी ठाण्यामागच्या आवारात आणून टाकली होती, ती तिथंच सडत होती. मामांच्या घरापासून पाच मिनिटांवर. पण मामा भाजी आणायलासुद्धा ठाण्याला वळसा घालून जायचे. मला वाटायचं, पोलिसांना घाबरतात. मामी म्हणाली, “पोलिसांना कसले घाबरतात! त्या गाडीला घाबरतात.”

गाडीला घाबरण्यासारखं काय होतं? एक लाकडाचा तुकडा. पाऊणचा पाय नाकाड्या गाडीच्या क्लचपर्यंत पोचायचा नाही. म्हणून तो पेडलवर लाकडी ठोकळा ठेवून ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधायचा. मामांची पाळी आली की ते आधी तो ठोकळा उपटून सीटखाली भिरकावायचे, कारण ठोकळ्यावर पाय ठेवला तर त्यांचा गुडघा स्टेअरिंगला अडायचा. ठोकळा लावून मामांना गाडी चालवताच आली नसती. ठोकळा पेडलवर असेल तर पाऊण चालवत होता. नसेल तर मामा. बघायला गेलं की कळणार होतं. म्हणूनच मामा सव्वीस वर्षं गेले नाहीत.

गेल्या महिन्यात आवारातल्या सगळ्या गाड्या भंगारात निघाल्या. स्टेपनीनं दुकानात बातमी आणली, “सोमवारपासून कापतायत.” पाऊणनं तंबाखू मळत म्हटलं, “जा कमोड, शेवटचं दर्शन घेऊन ये.” मामांनी शिवी दिली नाही. तेव्हाच मला शंका आली.

सोमवारी सकाळी दाढी करून मामा दारात उभे. “भाच्या, चल. मला केबिनवर चढता येणार नाही.”

गाडीचं नाक गंजून जाळीदार झालं होतं. बॉनेटमधून झुडूप वर आलेलं. पलीकडे गॅस कटरवाला एका टेम्पोचे तुकडे पाडत होता. मी पायरीवर पाय ठेवला तशी मामांनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

सीटच्या स्प्रिंगा, वाळलेली पानं, सरड्याची कात. मी हातानं कचरा बाजूला केला.

“मामा, आहे.”

“काय आहे?”

“ठोकळा. पट्टी बांधलेलीय.”

“कुठल्या पेडलवर?”

“क्लचच्या.”

“तुला क्लच कुठला ते कळतं का रे शहाण्या? स्कूटर चालवणारा तू!”

“डावीकडचं पेडल, मामा.”

“परत बघ.”

तीनदा बघायला लावलं. मग ते मागे वळले आणि मडगार्डला धरून खाली बसले. उठले तेव्हा चेहरा असा, की कटरवाल्यानं न विचारता कटर बंद केला. “ते पेडल दांड्यासकट काढून दे,” मामा म्हणाले. “लाकूड जाळलंस तर तुला जाळीन.”

अर्ध्या तासानं मामांनी ते पेडल टायरच्या दुकानात, पाऊणच्या पायाशी आपटलं. दुकानदारानं कॉम्प्रेसर बंद केला. स्टेपनी पहिल्यांदाच कामाचं बोलला, “अरे, हा तर पाऊणचा ठोकळा!”

पाऊण बघत राहिला. मग त्यानं चप्पल काढली, पाय पुढे केला आणि ठोकळ्यावर ठेवून बघितला.

“माझाच आहे,” तो म्हणाला. “मीच चालवत होतो. मग?”

“मग?” मामांचा आवाज फाटला. “सव्वीस वर्षं मला कमोड म्हणतोस आणि मग?”

“तू मेलास असं वाटलं होतं. मेलेल्याला काय नोकरी जायची भीती? नंतर तू उठलास, त्याला मी काय करू?”

“आणि हा ठोकळा काढून टाकायची अक्कल नाही आली?”

पाऊणनं पाय उचलला नाही. “डोक्यातच आलं नाही रे. तो मला माझा पायच वाटायचा.”

स्टेपनीला हसू फुटलं, पण मामांनी बघितलं तसं त्यानं ते गिळलं.

“माफी मागायची नाही मी, आधीच सांगतो,” पाऊण म्हणाला.

“तुझी माफी कोण ठेवून घेतो घरात? तू सांगायचं. जो येईल त्याला. तू सांगायचं, मी ऐकणार.”

“वेड लागलंय का तुला?”

दुकानदारानं हात पुसले. “सांगायचं नसेल, तर उद्यापासून दुसऱ्या दुकानाचे टायर बघ, पाऊणशेठ.”

तेवढ्यात एक चष्मेवाला गृहस्थ पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! मामांनी काठीनं पाऊणच्या ढोपराला टोचलं.

“सांग.”

पाऊणनं घसा खाकरला. “तर साहेब, आमच्या गाडीत दोनशे चाळीस कमोड होते…”

“कमोड नंतर,” मामा म्हणाले. “आधी कोण चालवत होतं ते.”