विटेला पाय नसतो

गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज. दारावर पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सगळे त्यांना कानमास्तर म्हणत. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं इंजिनाला लावून ते गाडीचं दुखणं सांगत, तेही इतक्या गंभीर चेहऱ्यानं की गाडीचा मालक उगाच शर्टाचं वरचं बटण सोडू लागे.

पण हे अर्धेच मास्तर. उरलेले अर्धे आत, ड्रायव्हरच्या सीटवर. बत्तीस वर्षं एक्सिलेटरवर बायकोचा पाय असे आणि हातात विणकाम. "जरा" म्हटलं की ती जरा दाबायची, "अजून" म्हटलं की अजून. विणीचा टाका मात्र चुकायचा नाही. मास्तरांचं एवढं ऐकलं जाई अशी ती जगातली एकच जागा. सीटवरून उतरली, की हुकूम तिचे आणि पळापळ मास्तरांची.

मग लेकीला बाळ झालं. बायको घाटापलीकडच्या शहरात तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्या तीन महिन्यांना आता दोन वर्षं होत आली होती. लेक-जावई दोघं नोकरीवाले, नात आजीला चिकटलेली. परत ये म्हणावं कसं? नातीशी भांडायचं काही मास्तरांचं वय नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपली जुनी पिकअप घेऊन जायचं आणि तिला घेऊनच यायचं.

"बसनं जा की," शेजारचा वेल्डर म्हणाला.

"आणि तिचं शिलाई मशीन काय डोक्यावर घेऊन येऊ?"

पण पिकअपच रुसली. पाय दिला की क्षणभर दम कोंडल्यासारखी थबकायची, आचका द्यायची, मग निघायची. घाटात तर दर गिअरला हीच रड. दोनदा मास्तर पहिल्या वळणावरून माघारी आले.

प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुऊन काढला. नळी कानाला लावायची तर पाय द्यायला कुणी नाही, म्हणून एक्सिलेटरवर वीट ठेवली. वीट ठेवली की इंजिन शहाण्या मुलासारखं एका सुरात चाले.

"मास्तर, मी बसू का?" वेल्डरनं विचारलं.

"नको. तू पाय दिलास की इंजिनाआधी गल्ली हादरते."

खरं कारण वेगळं होतं. त्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवणं मास्तरांच्या जिवावर येई.

रविवारी त्यांनी बायकोला फोन लावला आणि इंजिनासमोर धरला. "ऐक. घाटात अडतेय. सांग काय होतंय ते."

"अहो, छान चाललीय की! कुणाचा पाय आहे?"

"विटेचा."

पलीकडे ती इतकी हसली की काही न कळून नातही हसायला लागली.

"वीट दाबून धरते हो, दाबत नाही! गाडी अडते ती पाय खाली जाताना ना? ते विटेला काय कळणार? माझ्या तळव्याला कळायचं. पाय पोकळ लागतोय असं मी म्हटलं, की तुम्ही कार्बोरेटरमधला तो पेट्रोलची चिळकांडी मारणारा छोटा पंप खोलायचात."

मास्तरांनी पंप खोलला. आतला रबरी वायसर वाळून आक्रसला होता. चिळकांडी कसली, पेट्रोलचा थेंबही धड येत नव्हता. नवा वायसर बसवला आणि पिकअपनं पाय देताच उचल खाल्ली. मास्तर मात्र बॉनेटला टेकून उभेच राहिले. बत्तीस वर्षं लोक ज्याची वाहवा करत आले, तो कान निम्मा तिचा तळवा होता, आणि हे आपण तिला एकदाही बोललो नव्हतो.

संध्याकाळी पुन्हा फोन लावला.

"झाली नीट."

"मग या की भेटायला."

"भेटायला नाही. न्यायला येतोय."

पलीकडे नातीला थोपटल्याचा आवाज आला. मग हळूच, "अहो, पोरीला माझ्याशिवाय झोप लागत नाही."

"मलाही लागत नाही."

हे तोंडातून निघून गेलं तेव्हा मास्तरच दचकले. पलीकडून काही ऐकू येईना. एखादं इंजिन असं गप्प झालं असतं, तर त्यांनी कारण चटकन सांगितलं असतं.

"सकाळी लवकर निघा," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "आणि..."

"आणि काय?"

"ती वीट फेकून द्या. पाय द्यायला मी येतेय."

फोन ठेवल्यावरही मास्तर तो कितीतरी वेळ कानाला धरून उभे होते.