ब्रह्मगाठीपाशी अडलेलं भूत

"मास्तर, तुमचे ते भुताचे गुरुजी गेले ना!" अकोल्याच्या बाजारात एका गाडीवानानं मला हे असं उभ्या उभ्या सांगितलं आणि तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला. भोवती कापसाच्या गाड्यांची ही दाटी, अडत्यांची ओरड, नाकातोंडात धूळ. मी त्याच्यामागं धावलो. "कोण गुरुजी? अमरावतीचे? विष्णुगुरुजी?" "तेच बाप्पा. ताप आल्ता. मंग गेले." एवढंच. आमच्या गुरुजींचं जाणं त्यानं सरकीचा भाव सांगावा तसं सांगितलं, याचा मला त्या वेळी फार राग आला. आता वाटतं, तो तरी काय करणार... ज्याचा जीव जडलेला असतो त्यालाच शब्द सापडत नाहीत, आणि महिना उलटून गेला तरी मलाही ते धड सापडलेले नाहीत.

"भुताचे गुरुजी" हे नाव गावानं त्यांना भीतीनं दिलं होतं. कुणाच्या घरात काही बाधा झाली, कुणी झाडाखाली झपाटलं, की शांती करायला विष्णुगुरुजींना बोलावणं जाई. मात्र हेच गुरुजी छापील भुतांच्या गोष्टींसाठी किती वेडे होते, हे घराबाहेर फक्त आम्हा दोघा मित्रांना ठाऊक होतं. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत मास्तर होतो, आणि आमचा तिसरा गडी नारायणराव एका अडत दुकानात कारकून. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईकडं गेलेल्या गाड्या परत येताना आरसे, घड्याळं, छत्र्या, काय काय घेऊन येत. नारायणराव त्यातून शिळाछापाची पुस्तकं मागवी. राक्षस, हडळी, ओसाड देवळं, बोलणारी मुंडकी! भेटलो की रामराम राहिला बाजूला, पहिला प्रश्न हाच, "सध्या काय वाचून राहिला?"

गुरुजींना एकच खोड होती. पोटात शेवट राहत नसे. पुस्तक हातात देता देताच, "अरे लेका, तो साधूच राक्षस हाय," असं सांगून मोकळे. नारायणराव एकदा इतका चिडला की पुस्तक तिथंच टाकून घरी गेला. मग आम्ही नियम केला. पुस्तक दुसऱ्याला देण्याआधी शेवटची पानं दोऱ्यानं शिवून टाकायची, आणि वाचणाऱ्यानं तिथवर पोचल्यावरच तो टाका तोडायचा. शिवायचं काम आम्ही मुद्दाम गुरुजींकडंच दिलं, म्हणजे तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील. तर या गृहस्थानं काय करावं? जानव्यासाठी स्वतः टकळीवर कातलेलं सूत घेतलं, पानं शिवली आणि वर चक्क ब्रह्मगाठ मारली! मी म्हटलं, "गुरुजी, हडळीच्या गोष्टीला ब्रह्मगाठ?" तर म्हणाले, "अरे, आता वेळेआधी तोडाची कोनाची छाती हाय?" आणि असे खदखदून हसले की आतून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, काय झालं ते पाहायला दारात आल्या.

त्या ब्रह्मगाठीनं पुढं एक माणूस वाचवलं. आजवर ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नव्हती. ज्यांच्यापासून लपवायची, त्यांच्याविषयी आता काळजी उरलेली नाही, का ते शेवटी सांगतो.

वलगावच्या एका पाटलांकडं गुरुजींचं उपाध्येपण होतं. त्या घरची धाकटी सून गिरजा, माहेर अकोल्याचं. एका दुपारी पाटलांचा माणूस धावत आला, "सुनेले लागलं हाय, बिगीनं चला." सुटीचा दिवस होता, मीही गुरुजींबरोबर गाडीत बसलो. ऐन वेचणीचे दिवस. पाटलांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस, आणि त्या पांढऱ्या ढिगापुढं पोरगी केस मोकळे सोडून घुमत होती. सासू शेगडी फुलवून, मिरच्या घेऊनच बसलेली. आणि ते भूत बोलत काय होतं! "शेवटच्या पायरीखाली, काळ्या पाण्यात, माझे चुडे अजून किणकिणत आहेत. जो कोणी या बारवेत उतरेल, त्याने माझा प्रश्न ऐकून जावे..." वलगावच्या घरात ही असली भाषा! पाटील माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, भूत पुन्याकडचं दिसते."

मला घाम फुटला, पण भुताच्या भीतीनं नव्हे. ही बारवेतल्या सवाष्णीची गोष्ट नारायणरावानं पाटलांच्या मुलालाच वाचायला दिली होती! गिरजेचा नवरा तो. त्यानं ऐटीत पुस्तक नेलं आणि कोनाड्यात टाकून दिलं असणार. मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलत होता. एवढ्यात भूत म्हणालं, "तेव्हा तो वाटसरू शेवटच्या पायरीवर उतरला आणि म्हणाला..." आणि गप्प झालं. थोडं घुमलं, पुन्हा "शेवटच्या पायरीखाली, काळ्या पाण्यात" इथून सुरुवात केली, आणि पुन्हा "आणि म्हणाला" वर येऊन अडलं. अडणारच! त्याच्यापुढची पानं शिवलेली होती. माहेरी अक्षरं शिकून आलेल्या, पण सासरी चोरून वाचणाऱ्या त्या पोरीला ब्रह्मगाठ तोडायची हिंमत झाली नव्हती.

"अडून राहिलं, म्हनजे जोरात हाय," असं म्हणत सासूनं मिरच्या निखाऱ्यावर टाकायला हात पुढं केला. त्या धुरीनं माणसं गुदमरून मेलेली मी ऐकली होती. गुरुजी एकदम ओरडले, "थांबा! वाटसरू काय म्हनाला ते मले ठाऊक हाय." हातात दर्भ घेऊन ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि अगदी हळू म्हणाले, "तो म्हनाला, बाई, तुझं काय राहिलं?"

गिरजेचं घुमणं थांबलं. तिनं मान वर करून गुरुजींकडं पाहिलं. पुस्तकातली भाषा तिची कुठल्या कुठं पळाली. "मले माह्या मायले पाहू द्या," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.

मग सगळा उलगडा झाला. अकोल्याला तिची आई अंथरुणाला खिळली होती. बोलावणी येऊन गेली होती. पण कापसाला असा भाव आलेला, वेचणीला बाया मिळेनात, मग सुनेला माहेरी कोण धाडतो? सासू म्हणालीच, "गुरुजी, अजून अर्धं वावर पांढरं हाय, अन् हिले कशी धाडू?" गुरुजी कडाडले, "मायच्या हातचं पानी पिल्याबिगर हे भूत जानार नाही. तुमाले कापूस पायजे का सून, ते सांगा!" पाटील बिचारे घाबरट. त्यांनी त्याच घटकेला गाडी जुंपायला लावली. गाडी निघता निघता गुरुजींनी कोनाड्यातलं पुस्तक उचललं, नखानं गाठ तोडली आणि ते तिच्या गाठोड्यात सरकवलं.

परतताना मी म्हटलं, "गुरुजी, वाटसरू असं कुठं म्हणतो? तो तर विचारतो, दागिने कुठं पुरलेत? आणि ती त्याला पाण्यात ओढते." गुरुजी म्हणाले, "पुस्तकात ते चुकलंच हाय." आणि मग एकदम हिरमुसले. "हातात दर्भ धरून खोटं बोललो रे मास्तर." त्या दिवशी त्यांनी पाटलांची दक्षिणा घेतली नव्हती, आणि पुढचे कितीतरी दिवस ते संध्येला बसले की उठतच नसत. मी एकदा समजावलं, "अहो, पोरगी तर खरं बोलली ना?" त्यावर फक्त "हो, ते खरं" म्हणाले. इतका भित्रा आणि इतका धीट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गिरजा महिन्याभरानं सासरी परतली, भूत कायमचं गेलं, आणि आमच्या मंडळात चौथा वाचक आला. गुरुजी पूजेला वलगावला जाताना पंचांगाबरोबर सोवळ्यात एखादं पुस्तक गुंडाळून नेत. सासू जवळच असायची, म्हणून पाया पडताना जेवढं पुटपुटता येईल तेवढंच गिरजेचं मत कळे. "मागचं भूत लय रडकं होतं." "हे चांगलं हाय, पन हडळ उशिरा येते." गुरुजी ते आम्हाला असं सांगत, जणू काशीच्या पंडितानं निर्णय दिलाय. पुढं माझी बदली अकोल्याला झाली आणि भेटी कमी झाल्या... शेवटची भेट कोणती, हेही आता नीट आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तेराव्याला मी अमरावतीला गेलो. वलगावची मंडळी आली होती. मी मागच्या पडवीत गुरुजींच्या पुस्तकांच्या फळीजवळ उभा होतो, तिथं गिरजा आली. म्हणाली, "मास्तर, एक गोष्ट गुरुजीले कधी सांगताच नाही आली. मी गेली तवा माय कोनालेच ओळखत नव्हती. मले पन नाही. बसल्या बसल्या काय करू, म्हनून ते पुस्तक वाचून दाखवलं. बारवेत चुडे वाजले न, तर मायनं माहा हात गच्च धरला. म्हने, 'गिरजे, मंग काय झालं वं?' नाव घेतलं तिनं माहं... सगळी गोष्ट आयकली, अन् दुसऱ्या दिवशी गेली." गुरुजींना हे कळायला हवं होतं हो! एवढं एक कळायला हवं होतं.

डोळे पुसून तिनं विचारलं, "गुरुजी सध्या काय वाचून राहिले होते?" फळीवर एक नवं पुस्तक होतं, अर्ध्यात बेलाचं पान घातलेलं. ते मी तिच्या हातात ठेवलं. तेवढ्यात माजघरातून वहिनींचा आवाज आला, "गिरजे, तेच का गं? रोज दुपारी मले वाचून दाखवत होते. इथं ये, राहिलेलं मोठ्यानं वाच." गिरजेला वाचता येतं हेही गुरुजींच्या पोटात राहिलं नव्हतं! गिरजेच्या तोंडचं पाणी पळालं. माजघरात वहिनींच्या शेजारीच तिची सासू बसली होती. मोठ्यानं वाचायचं म्हणजे आपल्याला वाचता येतं हे कबूल करायचं, आणि मग त्या दुपारचं भूतही कबूल करायचं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. मी काहीतरी सबब शोधत होतो.

सासूनं सरकून तिच्यासाठी जागा केली. "बस न वं. वाच," म्हातारी म्हणाली. "तू मायसाठी रडली, मले काय तवाच समजलं नव्हतं का?"

गिरजा खाली बसली आणि बेलाचं पान काढून वाचायला लागली.