मुका काचबिंदू

सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत जालिंदर सरवदे हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं ते ‘डोळेवाले साहेब’ होते. नेत्र सहायक म्हणून त्यांची चौतीस वर्षं सरकारी नोकरीत गेली, त्यातली बरीचशी शिबिरांच्या जीपमध्ये. करमाळा, बार्शी, सांगोला. शाळेच्या वर्गात बाकडी जोडायची, म्हाताऱ्यांना आडवं निजवायचं, डोळा बधिर करणारा थेंब टाकायचा आणि धातूचं छोटं यंत्र बुबुळावर टेकवून दाब मोजायचा. त्यांचा हात इतका हलका, की बायका मुद्दाम त्यांच्याच रांगेत उभ्या राहत.

काचबिंदू समजावून सांगायची त्यांची पद्धतही त्यांचीच होती. “ह्यो दोन तऱ्हेचा असतो. एक बोंबलत येतो, दुसरा मुका.”

बोंबलत येणारा त्यांनी पहिल्यांदा करमाळ्याकडच्या एका शिबिरात पाहिला. बजाबाई नावाची बाई डोकं गच्च आवळून बसली होती. डोळा लालभडक, उलट्या थांबत नव्हत्या. घरच्यांनी पित्त समजून दोन दिवस काढले होते. जालिंदरनी पापणीवरून बोटानं चाचपलं तर डोळा गोटीसारखा कडक. डोळ्यातलं पाणी ज्या बारीक कोपऱ्यातून वाहून जातं तो अचानक बंद झाला होता. त्याच जीपनं त्यांनी तिला सोलापूरला आणलं. दाब उतरवणाऱ्या गोळ्या, बाहुली बारीक करणारे पायलोकार्पिनचे थेंब आणि मग शस्त्रक्रिया. डोळा वाचला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “साहेब, बोटांस्नी लई मुंग्या येत्यात, आन् ह्या थेंबानं दिसाढवळ्या अंधारल्यागत झालंय की!” मुंग्या गोळ्यांच्या, अंधार थेंबांचा; दोन्ही औषधांचेच गुण होते. आख्खा वॉर्ड हसला होता.

मुक्याची गोष्ट वेगळी. त्यात कोपरा उघडाच असतो, पण निचरा मंदावतो. दाब हळूहळू चढतो, डोळ्यामागची नस सुकत जाते, नजर कडेकडेनं आक्रसत आत येते. दुखत नाही, खुपत नाही. हजारो लोकांना त्यांनी हे सांगितलं होतं.

निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, सोलापुरातल्या सात रस्ता चौकापाशी त्यांच्या स्कूटरचा डावा आरसा एका रिक्षाला घासला. ते रिक्षावाल्यावर ओरडले. मागं बसलेली त्यांची मुलगी बुद्धप्रिया हळूच म्हणाली, “पप्पा, ती रिक्षा केव्हाची शेजारी होती. तुम्हाला दिसली नाही?”

“मोतीबिंदू आला असेल,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत स्वतःचे डोळे त्यांनी कुणाला दाखवलेच नव्हते.

दवाखान्यात दाब जास्त निघाला. डॉक्टर अंकिता, बुद्धप्रियाहून लहानच, त्यांना नजरेची व्याप्ती मोजणाऱ्या यंत्रापुढं बसवून गेली. पांढऱ्या घमेल्यासारख्या पोकळीत हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. जालिंदरना सगळं तोंडपाठ. ‘अंदाजानं दाबू नका, यंत्राला फसवून तुमचंच नुकसान,’ असं ते लोकांना बजावत. आणि त्या दिवशी ते स्वतः अंदाजानं दाबत राहिले.

कागद बघून डॉक्टर म्हणाली, “काका, यात बरीच बटणं ठिपका नसताना दाबलीत. परत करूया?”

त्यांची मान खाली गेली. “करा. आता खरं करतो.”

दुसऱ्या खेपेला बटण लांब लांब वेळ गप्प राहिलं. यंत्र चालू होतं, ठिपके कुठंतरी चमकत होते, त्यांना मात्र पांढऱ्या भिंतीपलीकडं काही नव्हतं. त्या शांततेत त्यांना आई आठवली. दारात उभ्या माणसाला ती नावानं हाक मारायची आणि पायाशी ठेवलेल्या तांब्याला अडखळायची. सगळे म्हणायचे, वय झालं. जालिंदरही म्हणायचे. आठवड्याचे पाच दिवस ते जीपमध्ये असत. घरी आले की ती भाकरी वाढायची, ताटाच्या बाहेर. त्यावर ते हसायचे.

“नस डाव्या डोळ्यात जास्त गेलीय,” डॉक्टर म्हणाली. “गेलेलं परत येणार नाही. आहे ते राखायचं. टिमोलॉलचे थेंब सुरू करूया?”

“मॅडम, मला लहानपणापासून दमा आहे.”

तिचं पेन थांबलं. “बरं झालं सांगितलंत. मी विचारणारच होते.”

“मी एकदा विचारायला विसरलो होतो,” जालिंदर म्हणाले, आणि त्यांनी तिला धुळा नावाच्या एका माणसाची हकिकत सांगितली. सांगोल्याचा मेंढपाळ. शिबिरात डॉक्टरांनी हेच थेंब लिहून दिले. दम्याचं विचारायचं काम जालिंदरचं होतं, आणि त्या दिवशी रांग लांब होती. तिसऱ्या दिवशी धुळाचा श्वास कोंडला. थेंब बंद केले, वेळेवर उपचार झाले, तो वाचला. भेटायला गेलेल्या जालिंदरना तो म्हणाला, “साहेब, डोळ्यात टाकलेलं छातीत कसं वो उतरलं?” त्यानंतर नोकरीच्या उरलेल्या काळात त्यांनी एकालाही ‘दम लागतो का?’ विचारल्याशिवाय सोडलं नाही.

डॉक्टरनं त्याऐवजी लॅटानोप्रोस्ट दिलं, रोज संध्याकाळी एक थेंब. डोळे थोडे लाल झाले, पापण्यांचे केस लांब वाढले. नात त्यांना चिडवू लागली. तीन महिन्यांनी दाब उतरला, पुढच्या वर्षी त्याच यंत्राच्या कागदावर न दिसणारा काळा भाग तेवढाच राहिला. स्कूटर त्यांनी विकून टाकली. तिचं दुःख बरेच दिवस पुरलं.

पण त्याआधी, निदान झालं त्याच आठवड्यात, ते एसटीनं बार्शीला गेले होते. थोरली बहीण विठाबाई तिथं एकटी राहायची.

“जयभीम, आक्का. उद्या माझ्यासंगं सोलापूरला चल. डोळे तपासायचेत.”

“मला चांगलं दिसतंय की! सुईत दोरा ववते मी.”

“आईलाबी ववता येत हुता.”

विठाबाई उठली. तिनं पिशवीत लुगडं भरलं.

तिचा दाब वाढलेला निघाला, नजर मात्र अजून शाबूत होती. दम्याचा त्रास नव्हता, हृदयाचे ठोके नीट होते. तिला टिमोलॉल चाललं. बार्शीला परत सोडायला गेले तेव्हा जालिंदरनी तिला ओसरीवर बसवलं, खालची पापणी ओढली, एकच थेंब सोडला आणि डोळा मिटवून नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरला.

“असं दोन मिनिटं. म्हणजे औषध नाकातून अंगात जात न्हाय.”

“आईच्या डोळ्यात घातलं असतं तर?” मिटल्या डोळ्यांनी तिनं विचारलं.

“नजर राहिली असती,” जालिंदर म्हणाले. “थोडी तरी राहिली असती.”

बोट त्यांनी काढलं नाही. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.