आई मीटिंगला बसली

आपल्याच आईबद्दल लिहायचं म्हटलं की मला संकोच वाटतो. घरच्या माणसाचं कौतुक किती करावं, हे कळत नाही. तरी गेल्या वर्षीचं हे लिहून ठेवावंसं वाटतं.

आई अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दहावीनंतर तिने नर्सिंगचा कोर्स केला. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मीच, आणि मी अमरावतीला होस्टेलवर राहते. आईच्या दवाखान्यात ड्युटीचा तक्ता ऑफिसातून लागायचा, तोही आदल्या संध्याकाळी. उद्या दिवसपाळी की रात्रपाळी, हे आम्हाला कधीच आधी कळायचं नाही. चौदा एप्रिलला आमची सगळी वस्ती पांढरे कपडे घालून जयंतीच्या मिरवणुकीला निघायची. आईही पांढऱ्याच कपड्यांत निघायची, पण दवाखान्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्याने ठरवलं की दर महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांबरोबर एक नर्सही बसेल, आणि ती नर्सनीच निवडायची. सगळ्यांनी आईला निवडलं. तिने मीटिंगमध्ये सांगायचं एकच होतं: तक्ता आम्ही नर्स आपसांत ठरवू आणि पंधरा दिवस आधी लावू.

मी तेव्हा सुटीत घरीच होते. पहिल्या मीटिंगहून आई आली ती उतरलेल्या चेहऱ्याने.

"मोठे डॉक्टर आले, मी उठून उभी राह्यली," ती म्हणाली. "मंग दुसरे आले. मंग उभीच राह्यली."

"शेवटपर्यंत?" मी विचारलं.

"राउंडले राह्यतो तशी. मले बसाचं सुचलंच नाही. अन् उभ्यानं काय बोलाव? बोललीच नाही."

वॉर्डातल्या मैत्रिणीने तिला ऐकवलं होतं, "उभं तर आमी रोजच राह्यतो बाई. तुले बसाले धाडलं होतं!" हे सांगताना आई हसली, पण त्या दिवशी जेवली कमी.

बाबा ऑटो चालवतात. त्यांनी घरातच सराव सुरू केला. आईला खुर्चीवर बसवायचं, माझे इअरफोन गळ्यात अडकवायचे आणि डॉक्टर होऊन आतल्या खोलीतून ऐटीत यायचं. ते दारात दिसले की आई उभी!

"उठली पाहा! अवो, मी डॉक्टर नाही, तुहा नवरा होय!"

"म्हणूनच उठली. आता चहा मागसान."

आम्ही पोट धरून हसलो. मग आई हळूच मला म्हणाली, "मी नाही उठत वो. पायच उठतात."

कॉलेजात सरांनी नाव घेतलं की मीही ताडकन उठते आणि येत असलेलं अर्धं विसरते. मी तिला काय शिकवणार? आम्ही फक्त रोज सराव करत राहिलो.

दुसऱ्या मीटिंगच्या दिवशी मी एसटीने अमरावतीला परत निघाले होते. मूर्तिजापूर गेल्यावर आईचा फोन आला.

"बोलली."

"बसून?"

"बसून. मोठे डॉक्टर आले तं बसल्या जागीच गुड मॉर्निंग म्हटलं. ऑफिसचे साहेब म्हणे, तुमी आपसांत भांडसान, सगळ्यायले दिवाळीचीच सुटी पायजे राह्यते. मी म्हटलं, भांडलो तं आमीच निस्तरू सर, पण आमाले भांडू तं द्या."

"मग?"

"डॉक्टर हासले. म्हणे, करून पाहा."

फोन ठेवल्यावर मी शेजारच्या अनोळखी बाईंना उगाचच सांगितलं, "माझी आई नर्स आहे."

भांडणं झालीच. तक्ता ठरवताना दोघी तर आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण निस्तरलंही त्यांनीच. ज्यांच्या घरी दिवाळी त्यांना दिवाळीची सुटी, ज्यांच्या घरी जयंती त्यांना जयंतीची, आणि एकमेकींची पाळी एकमेकींनी करायची. ऑफिसने एकही नाव बदललं नाही.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आले, तर लक्ष्मीपूजनाला आई ड्युटीवर. मला तिच्या हातचं जेवायचं होतं, थोडी हिरमुसलेच. संध्याकाळी शेजारच्या काकू फराळ घेऊन आल्या.

"काहून वो, तुह्या आईले ऐन दिवाळीत ड्युटी लावली?"

"लावली नाही काकू," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा मोठाच झाला. "तिनंच घेतली."